वरवंट्याला टोपडं

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हैस होतो. गडहिंग्लजकडच्या एका शाळेचं गॅदरिंग चाललं होतं, आणि धार काढताना पाय झाडणारी म्हैस हा माझा ठरलेला, हमखास टाळ्या घेणारा आयटम. खिशात मोबाइल थरथरत होता. एकदा, दोनदा, चार वेळा. मी हंबरत हंबरतच तो दाबून बंद केला, पोरं हसून लोळली, आणि विंगेत येऊन बघतो तर समोरच्या घरातल्या रेश्मावहिनींचे मिस्ड कॉल. उलटा फोन लावला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "सुजित, आत्या गेल्या. खुर्चीत बसल्या बसल्या... पाळण्याजवळ." मागं हेडमास्तर माइकवर सांगत होते की आता आपले कलाकार तान्ह्या बाळाचं रडणं करून दाखवणार आहेत. मी त्यांना हळूच म्हटलं, सर, आज तेवढं ऱ्हाऊ दे.

ह्याला आता दीड महिना झाला. शालनआत्या म्हणजे माझ्या पप्पांची थोरली बहीण. वीसेक वर्षं एसटीत कंडक्टर, त्यातली निम्मी कोल्हापूर-चंदगड गाडीवर. लग्न केलं नाही. का म्हणून कुणी विचारलं की म्हणायची, "सीट धरून ठेवलती की, पॅसेंजरच आला न्हाय." मी शिरोळचा. शाळा तिथली, गुणही तिथलेच. कॉलेजसाठी कोल्हापुरात आलो आणि राजारामपुरीतल्या तिच्या दोन खोल्यांत मुक्काम ठोकला तो आजपर्यंत. मी कुणाचीही नक्कल करतो. पुढारी, रिक्षा, प्रेशर कुकर, आमचे पप्पा. आत्याची मात्र कधी जमली नाही. प्रयत्न केला की ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे ल्येका, एक हाय तेच गल्लीला लई झालंय."

हे बाळांचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते गाडीतच. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. चंदगडहून येताना एक बाई दीडेक महिन्याचं मूल घेऊन बसली होती. कुठल्याशा संस्थेत कामाला होती, मूल तिचं नव्हतं. मूल आजऱ्यापर्यंत रडलं. पॅसेंजर वैतागले, ड्रायव्हर वैतागला. शेवटी आत्यानं ते बाईकडनं घेतलं, एका हातानं तिकिटं फाडत दुसऱ्या हातावर धरलं, आणि ते पोरगं तिच्या तिकिटाच्या पिशवीवर गाल टेकून गपगार झोपलं. उतरताना बाईनं सांगितलं की अशा बाळांना दत्तक घेणारं घर मिळेपर्यंत, किंवा त्यांच्या स्वतःच्या घरची घडी बसेपर्यंत, काही महिने सांभाळणारी माणसं हवी असतात. आत्या म्हणाली, "अशी घरी देत्यात व्हय?" बाई म्हणाली, देतात, पण आधी घर बघायला येतात. झालं. रिटायर झाल्यावर माणसं काशीला जातात, आमच्या आत्यानं त्या संस्थेत जाऊन अर्ज भरला.

पप्पा शिरोळहून खास समजूत घालायला आले. म्हणाले, "अक्का, लोकाचं पोरगं आणून जीव लावायचा, आन् मग ते नेनार. ह्यो कसला धंदा?" आत्या म्हणाली, "तू च्या घे." हा तिचा विषय संपवायचा मार्ग. आणि दुसऱ्या दिवशी संस्थेनं दिलेली यादी घेऊन ती कामाला लागली. बाटल्या, बाटल्या उकळायचं पातेलं, थर्मामीटर, रबरी शीट, मच्छरदाणी, रांगणाऱ्या पोरासाठी जिन्याला फाटक, प्लगच्या पॉइंटना झाकणं. लंगोट, झबली, दुपटी मात्र तिनं एकही नवं घेतलं नाही. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागायला पाहिजे, मऊ, चार घरांनी वापरलेलं, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. तिनं अख्खी गल्ली पालथी घातली. कुणाच्या सुती साडीची दुपटी झाली, कुणाच्या धोतराचे लंगोट झाले. समोर दिलीपदादांची पिठाची गिरणी आहे. त्यांच्या आईनं, आम्ही सगळे त्यांना आज्जीच म्हणतो, आपली मऊ झालेली जुनी साडी दिली, पण देताना तोंड फिरवून दिली. दिलीपदादा आणि रेश्मावहिनींना मूल नाही. आज्जींसमोर बाळाचा विषय कुणी काढत नसे.

यादीतलं सामान झालं तरी आत्याचं समाधान होईना. एक दिवस मला म्हणाली, "खाली बस." बसलो. "आता रांग." मी बावीस वर्षांचा घोडा. म्हटलं, आत्या, काय करायलाईस? "नक्कल्या हाईस न्हवं? मग वर्साचं पोरगं हो. घरभर फिर. जे दिसंल त्येला हात लाव, जे गावंल ते तोंडात घाल. काय काय हुतंय ते बघू." मी कलाकार माणूस, भूमिकेत शिरलो. जीभ बाहेर काढून, लाळ गाळायचं तेवढं बाकी ठेवून, दोन्ही खोल्या रांगलो. कपाटाखाली एक जुनं नाणं, दोन टाचण्या आणि उंदराच्या औषधाची वडी सापडली. ती वडी बघून आत्या खालीच बसली. मग स्वयंपाकघरात गेलो. खालच्या फळीवर कांदा-लसूण चटणीची बरणी, झाकण सैल. बाळ काय करेल? हात घालेल. घातला. मग काय करेल? डोळे चोळेल... पुढचा अर्धा तास मी मोरीत डोकं घालून बोंबलत होतो आणि आत्या तांब्यानं पाणी ओतत वर बरणी कुठं ठेवायची ह्याचा विचार करत होती.

रडण्याचं सांगायचं राहिलं. आत्याला मुलाचा अनुभव शून्य, म्हणून शिकवणी मी घेतली. शिरोळला ताईच्या बाळाशेजारी चार दिवस बसून मी रडण्याचे पाच प्रकार उचलून आणले होते. भुकेचं, ओल्या लंगोटाचं, पोटात वारा धरल्याचं, झोप आलीय पण झोपायचं नाही म्हणून, आणि पाचवं उगंच, मला उचला म्हणून. मी पडद्यामागं उभा राहून रडायचो, आत्यानं ओळखायचं. चटणीच्या दिवशी मोरीत मी जे रडलो त्याला ती म्हणाली, "हे सहावं. खरं." तेव्हापासून आमच्यात सहावं म्हणजे खरं.

आणि सरावाला बाळ कुठलं? तर वरवंटा. पाळणा आज्जींच्याच माळ्यावरचा, सागवानी, दिलीपदादांच्या वेळचा. तो रिकामा झुलवायचा नाही आणि रिकामा टांगून ठेवायचाही नाही, असं त्यांनी देतानाच बजावलं होतं. बारशाला आपण वरवंट्याला नटवून पाळण्यात घालतोच की. आत्यानं तेच केलं. चटणी वाटायचा तो घरातला एकुलता एक काळाकुळकुळीत वरवंटा धुतला, दुपट्यात गुंडाळला, वर टोपडं बांधलं आणि ठेवला पाळण्यात. त्यालाच ती न्हाऊ घालायला शिकली, त्यालाच खांद्यावर टाकून ढेकर काढायला शिकली. ढेकर अर्थातच मी द्यायचो. ह्यात एकच तोटा झाला. पाटा पोरका झाला आणि घरात मिक्सरची चटणी सुरू झाली. आत्याला ती अजिबात चालायची नाही. "ही काय वाटलीया व्हय? चेंगरलीया नुसती." पण पाळण्यात बाळ येईपर्यंत वरवंटा हलवायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आता खरी अडचण. गाडीत दारुड्याला कॉलर धरून उतरवणारी ही बाई, पण समोर कुणी पेन उघडून कागदावर लिहायला लागलं की हिची जीभ टाळ्याला चिकटायची. खात्यातली बढतीची तोंडी परीक्षा तिनं दोनदा दिली आणि दोन्ही वेळा नाव सांगून गप्प बसली होती. घर बघायला मॅडम येणार, प्रश्न विचारणार, लिहून घेणार. तिथं ही गप्प बसली तर पाळण्यात वरवंटाच राहणार. म्हणून मी आमच्या ग्रुपमधल्या कलाकारांना एकेक करून अधिकारी बनवून घरी पाठवायला लागलो. पहिला आला त्याच्यापुढं आत्या घामानं भिजली. दुसऱ्या पोरीपुढं तिनं दोन उत्तरं दिली. मी म्हटलं, शुक्रवारी खऱ्या मॅडम येणार, त्याच्या आत अजून एकीला पाठवतो.

मंगळवारी दुपारी मी रंकाळ्यावर रील बनवत बसलो होतो. घरी आलो तर दारात अनोळखी चपला. आत पंचेचाळिशीच्या एक बाई, मांडीवर फाइल, आणि आत्या त्यांच्यासमोर पाय पसरून लसूण सोलत बसलेली. मी दारातच थांबलो, कारण आत्या म्हणत होती, "तू चांगली करतीस, पण हसू नगोस. अधिकारी हसत न्हाईत. आन् पर्स अशी मांडीवर धरून बसलीयास, बस स्टँडवर बसल्यागत. खाली ठेव ती. सुजितनं प्रश्न पाठ करून दिल्यात न्हवं? इचार पुढचा." बाईंनी पर्स खाली ठेवली. निमूटपणे. आणि विचारलं, "बाळ आजारी पडलं तर?" आत्यानं लसूण सोलता सोलता दवाखाना कुठला, रिक्षा कुणाची, ताप किती झाला की थांबायचं नाही, सगळं धडाधड सांगितलं. मग बाईंनी पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "एक विचारू? तुम्हाला स्वतःचं मूल नाही. ह्या बाळाचा लळा लागणार. मग परत द्यायची वेळ आली की तुम्हाला सोडवेल का?"

आत्यानं लसणीची पाकळी ताटात टाकली. "अगं बाई, वीस वर्सं मी लोकाची पोरं गाडीत घेटल्यात. चंदगडात चढल्यालं पोरगं कोल्हापुरात उतरवायचं म्हंजे उतरवायचं. लई गोड हाय म्हणून डेपोत घेऊन जातंय व्हय कोण? मधल्या वाटंत त्येला ऊन लागू न्हाई, धक्का बसू न्हाई, भूक लागली तर बिस्किट द्यावं... आपलं काम तेवढंच. स्टॉप आला की दार उघडायचं."

बाईंनी फाइल मिटली. उठून पाळण्याजवळ गेल्या, दुपटं बाजूला केलं आणि टोपडं घातलेल्या वरवंट्याकडं बघत राहिल्या. "हे काय?" "ते आमचं पावणं," आत्या म्हणाली, "खरं येईस्तवर जागा धरून बसलंय." मग तिची नजर माझ्यावर गेली. "आलास? ही सगळ्यांत झकास हाय बग तुज्यातली. आदल्या दोघांपेक्षा. फक्त हसतीया लई." पण बाईंच्या गळ्यातलं ओळखपत्र मला दिसत होतं आणि त्यावरचा फोटो आमच्या ग्रुपातल्या कुणाचा नव्हता. मी कसंबसं म्हटलं, "आत्या... मी आज कुणाला पाठवलेलं न्हाय." आत्यानं माझ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, आणि जी गप्प झाली ती झाली. साधं चहा घ्या म्हणायलाही तोंड उघडेना. मॅडम हसत म्हणाल्या, "आता कशाला घाबरता? पेपर सोडवून झाला तुमचा. शुक्रवारचं काम मी आजच उरकलं, एवढंच." जाताना त्यांनी पर्स पोटाशी न धरता खांद्याला लावली. मी बघितलंय.

महिन्याभरात पहिलं पावणं आलं. तीन महिन्यांची पोरगी, केस उभे, कपाळाला आठ्या. संस्थेत नाव काहीतरी मोठं होतं, पण आत्यानं सगळ्यांना एकच हाक ठेवली. "काय पावणं, कवा आलासा? परवास बरा झाला न्हवं?" तिनं दाराच्या चौकटीवर बोटानं एकदा टकटक केलं. कंडक्टरची सिंगल बेल, गाडी थांबली. मग वरवंटा पाळण्यातनं काढला, टोपडं सोडलं, धुऊन पाट्यावर ठेवला आणि दुपारच्याला आज्जींना हाक मारून खर्डा वाटायला बसली. त्या दिवसापासून गल्लीला आमच्या घराची बातमी विचारावी लागली नाही. दगडावर दगडाचा आवाज आला की घरात बाळ आहे. मिक्सर घुरघुरला की पाळण्यात वरवंटा आहे.

अडीच वर्षांत सहा पावणी आली. सगळ्यांचं सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही, पण चौथ्याचं सांगायलाच पाहिजे. तो आला तेव्हा आत्याच्या पंजाएवढा होता. दूध ओढायला ताकद नाही, रडला तर आवाज नाही. माझे पाचही प्रकार त्याच्यापुढं फेल. डॉक्टरांनी आठवड्याला वजन करायला सांगितलं. आत्या त्याला दर रविवारी गिरणीत न्यायची, दिलीपदादा गव्हाच्या काट्यावर टोपली ठेवायचे, टोपलीत दुपटं, दुपट्यात पावणं. काट्याभोवती दळणाला आलेली माणसं उभी. ज्वारी घेऊन आलेली म्हातारी म्हणायची, "किती वाढलं?" दादा सांगायचे. नाही वाढलं तर सगळे खाली मान घालून आपापलं दळण उचलायचे. वाढलं की रेश्मावहिनी आतनं गूळ आणून सगळ्यांच्या हातावर ठेवायच्या. एका रविवारी तो काट्यावरच जोरात रडला. गिरणीचा पट्टा चालू असताना ऐकू गेला. आत्यानं कान दिला आणि दादांना म्हणाली, "बंद करा गिरण. एक लंबर हाय हे. भूक!" दादांनी खरंच गिरणी बंद केली. सगळी गल्ली त्या रडण्याला टाळ्या वाजवत होती. मला आयुष्यात तेवढ्या मिळाल्या नाहीत.

तो गेला त्या दिवशी त्याला न्यायला आलेली आई आत्याच्या पाया पडायला वाकली, तशी आत्यानं तिला वरच्या वर धरलं. "मागं बघू नगा, गाडी सुटू दे." आणि चौकटीवर दोनदा टकटक. डबल बेल. मग तासाभरात बाटल्या उकळून उपड्या, दुपटी दोरीवर, फरशी पुसलेली, वरवंट्याला टोपडं. गाडी डेपोत आली की झाडून घ्यायची, ही तिची शिस्त. रडताना मी तिला कधी बघितलं नाही. गच्चीवर दुपटी वाळत घालायला मात्र तिला अशा दिवशी जरा जास्त वेळ लागायचा...

ती गेली त्या गुरुवारीही सगळं तयार होतं. सोमवारी सातवं पावणं यायचं होतं, सात महिन्यांची मुलगी. बाराव्याला मॅडम आल्या. म्हणाल्या, मुलगी अजून संस्थेतच आहे, आठवडाभर थांबवता येईल, नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यात पाठवावी लागेल. माझ्यासारख्या एकट्या पोराकडं ती देणार नाहीत, ते बरोबरच आहे. पण रेश्मावहिनी आणि दिलीपदादांच्या घराला संस्थेची मंजुरी येऊन चार महिने झाले होते. आत्यानंच मागं लागून फॉर्म भरून घेतले होते. अडलं होतं ते आज्जींपाशी. त्या म्हणायच्या, "माज्या सुनंनं एकदा पोटचं गेल्यालं सोसलंय. आलेलं पोर जाणार म्हटल्यावर परत तेच सोसायचं का तिनं?" आणि आता वर म्हणाल्या, "त्यात गेलेल्या माणसाच्या घरातला पाळणा. नगो."

वाद घालायची माझी टाप नव्हती. मी वहिनींना म्हटलं, पाळण्याचं मागनं बघू, घर तर तयार करू. आणि त्यांच्या उंबऱ्यात गुडघ्यावर बसलो. चोवीस वर्षांचा, दाढीवाला, जीभ बाहेर काढून रांगायला लागलो. आज्जी कॉटवर बसून बघत होत्या. "ह्येला काय झालंय?" वहिनी म्हणाल्या, "आत्यांनी शिकवलंय, बघा तुम्ही." गिरणीच्या पट्ट्याचा तुकडा सापडला, सुई सापडली. मग कॉटखाली शिरलो, तिथं आज्जींच्या मशेरीची डबी. बाळ काय करेल? मी डबी उघडली, बोट बुडवलं आणि तोंडाकडं नेलं.

"आरं थुक, थुक ते," आज्जी कॉटवरनं उतरल्याच. माझा हात धरला, डबी हिसकावली आणि माझं बोट पदरानं पुसून काढलं. "पोराच्या तोंडात गेलं असतं म्हंजे?" पोर म्हणजे मी नव्हतो, हे त्यांनाही कळलं. त्यांनी ती डबी नेऊन सगळ्यांत वरच्या फळीवर, देवाच्या फोटोमागं ठेवली. आल्या आणि स्वतःच वाकून कॉटखाली हात घालून बघायला लागल्या, अजून काय काय आहे ते. संध्याकाळी दिलीपदादा आणि मी पाळणा उचलायला आमच्या घरी आलो. वरवंटा काढून मी ओट्यावर ठेवला, तसं मागनं आवाज आला. आज्जी जिना चढून आल्या होत्या. "रिकामा नेतोस व्हय रस्त्यानं? घाल ते परत. टोपडं नीट बांध, सरकलंय." आमच्या घरातनं त्यांच्या घरात तो पाळणा असा गेला, आत वरवंटा, पुढं आज्जी रस्त्यातल्या दुचाकीवाल्यांना हात करून थांबवत.

पावणं शनिवारी आलं. मॅडमनी मुलगी वहिनींच्या हातात दिली आणि मी चौकटीवर एकदा टकटक केली. त्यावर ती रडली. मी सवयीनं कान दिला. पाच नंबर, उगंच, उचला म्हणून. उचललेलीच होती, तरी.

आज सकाळी जाग आली ती दगडावर दगडाच्या आवाजानं. समोर आज्जी वाटत होत्या. थोड्या वेळानं खिडकीतनं हाक आली, "सुजित, खर्डा ने. आन् हे टोपडं बी ने तुज्याकडं, वरवंट्याला आता लागत न्हाय." भाकरीबरोबर पहिला घास घेतला आणि डोळ्यांतनं पाणी आलं. खर्डा तिखट होता, आणि ते सहावंही होतं. टोपडं मी धुतलं, आणि आत्याची तिकिटाची पिशवी जिथं टांगलेली आहे त्याच खिळ्याला वाळत घातलंय. लागेल कधीतरी परत. लागेल तेव्हा बघू, तोवर वाळू दे.